एकूण बेरीज आणि तिचे घटक : इलेक्ट्रॉनच्या पारगमन-अवस्थांचा परिचय

इतिहासाच्या अभ्यासकाला आकडा समोर आला की एक प्रश्न विचारण्याची सवय लागते : हा आकडा कशाकशाची बेरीज आहे? जिल्ह्याचे सरासरी उत्पन्न, शाळेचा शेकडा निकाल, जनगणनेतील साक्षरतेचे प्रमाण हे आकडे खरे असतात. परंतु त्यांच्या पोटात काय दडले आहे, हे ते स्वतःहून सांगत नाहीत. साठ टक्के साक्षरता म्हटली की त्या साठांत कोण आणि उरलेल्या चाळिसांत कोण, हे शोधल्याशिवाय इतिहास सुरू होत नाही. हाच प्रश्न गेल्या काही दशकांत भौतिकशास्त्राच्या एका शाखेने इलेक्ट्रॉनला विचारला आणि त्याचे उत्तर थेट एका अणूपर्यंत जाऊन मिळवले. त्या प्रश्नाची आणि त्या उत्तराची ओळख करून देण्याचा या पाठाचा हेतू आहे.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. भौतिकशास्त्राच्या प्रांतात आमचा प्रवेश पाहुण्यासारखाच. परंतु या निवासी शाळेतून शिकून गेलेली मुले-मुली आता अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विज्ञान विभागांत आहेत. सुट्टीत भेटायला येतात तेव्हा ‘क्वांटम ट्रान्सपोर्ट’, ‘सिम्युलेशन’, ‘आयगेन-अवस्था’ असे शब्द त्यांच्या बोलण्यात येतात. हे शब्द ऐकून पालक कौतुकाने गप्प बसतात, आणि विद्यार्थ्यांपैकीही अनेकजण संगणकाने दिलेले रंगीत चित्र अहवालात चिकटवून पुढे जातात. कौतुक आणि चिकटवणे या दोहोंच्या मध्ये समजून घेणे नावाची एक पायरी आहे. ती पायरी चढायला इतिहासाचा जिना सोयीचा पडतो, असे आम्हांस वाटते.

१. ओहमचा नियम आणि त्याची सीमा

दहावीच्या पुस्तकातील ओहमचा नियम सर्वांना आठवत असेल. विभवांतर दुप्पट केले की विद्युतधारा दुप्पट होते. तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट होतो. तार जाड केली की रोध कमी होतो. हा नियम मांडणारा गेओर्ग ओहम हा जर्मनीतील एर्लांगेन गावच्या एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोन येथील शाळेत तो शिक्षक होता. १८२७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्याच देशात त्याचे स्वागत थंडपणे झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले ते १८४१ साली, म्हणजे चौदा वर्षांनी.

ओहमला इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता. तो १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी शोधला. त्यानंतर तीनच वर्षांनी पाउल ड्रूड यांनी धातूचे एक चित्र रंगवले : इलेक्ट्रॉन हे जणू बारीक गोळे असून ते अडथळ्यांवर आपटत, ठेचकाळत पुढे सरकतात, आणि या ठेचा म्हणजेच रोध. तांब्याच्या तारेत खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉन दोन ठेचांच्या दरम्यान सरासरी ४० नॅनोमीटरच्या आसपास अंतर कापतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या घरातील तारेच्या मानाने ४० नॅनोमीटर म्हणजे काहीच नव्हे. म्हणून तेथे ओहमचा नियम चोख चालतो.

परंतु वाहक वस्तूच जर ४० नॅनोमीटरहून आखूड असेल तर? दोन धातूंच्या टोकांमध्ये एकच अणू अडकवला, तर त्याची लांबी एक नॅनोमीटरसुद्धा भरत नाही. तेथे इलेक्ट्रॉनला ठेचकाळायला जागाच नाही. मग तेथे रोध शून्य होईल काय? आणि नसेल, तर तो कोठून येईल? ओहमच्या नियमाजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही.

२. लांडाउअर यांनी प्रश्नच बदलला

रॉल्फ लांडाउअर यांचा जन्म १९२७ साली श्टुटगार्ट येथील एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीत ते कुटुंब १९३८ साली अमेरिकेत आले. पुढे आयबीएम या कंपनीच्या संशोधन विभागात काम करीत असताना १९५७ साली लांडाउअर यांनी कंपनीच्याच नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्याकडे बराच काळ फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आज नॅनो-इलेक्ट्रॉनिकीचा कोणताही अभ्यासक्रम त्या विचाराला वगळून पुढे जात नाही.

त्यांचा विचार असा : इलेक्ट्रॉन हा तरंग आहे. तरंग एखाद्या अडथळ्यावर आला की त्याचा काही भाग परत फिरतो आणि काही भाग पार जातो. तेव्हा ‘इलेक्ट्रॉन किती वेळा ठेचकाळला’ असे न विचारता ‘डावीकडून आलेला इलेक्ट्रॉन उजवीकडे पार जाण्याची शक्यता किती’ असे विचारावे. या शक्यतेला आपण पारगमन म्हणू. ते ० पासून १ पर्यंत असते. ० म्हणजे वाट पूर्ण बंद, १ म्हणजे पूर्ण खुली. मग त्या वस्तूची वाहकता म्हणजे पारगमन गुणिले एक ठरावीक राशी.

ही ठरावीक राशी अशी काढतात : इलेक्ट्रॉनच्या विद्युतप्रभाराचा वर्ग करावा, त्याची दुप्पट करावी आणि प्लांकच्या स्थिरांकाने भागावे. ‘दुप्पट’ एवढ्यासाठी की प्रत्येक वाटेने दोन प्रकारच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन जाऊ शकतात. उत्तर येते सुमारे ७७.४८ मायक्रोसिमेन्स. रोधाच्या भाषेत सांगायचे तर सुमारे १२,९०६ ओहम. यात धातूचे नाव नाही, लांबी नाही, जाडी नाही. केवळ निसर्गाचे दोन स्थिरांक आहेत. याला वाहकतेचा क्वांटम, म्हणजे वाहकतेचे मूळ एकक म्हणतात.

येथे विचारी वाचकास शंका यावी. वाट पूर्ण खुली असताना, म्हणजे पारगमन १ असतानाही १२,९०६ ओहम रोध का उरावा? या शंकेवर १९८० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञांत बराच वाद झाला. योसेफ इम्री, मार्कुस ब्युटिकर आणि इतरांच्या कामातून उत्तर स्पष्ट झाले : हा रोध अरुंद वाटेच्या आतला नसून तिच्या दोन्ही मुखांशी असतो. बाहेरच्या रुंद धातूत इलेक्ट्रॉनना असंख्य वाटा उपलब्ध असतात. त्या सर्वांना मोजक्याच वाटांत शिरावे लागते. मोठ्या मैदानावरची गर्दी एका फाटकातून आत शिरताना जी अडचण होते, तशी ही अडचण आहे. फाटक सताड उघडे असले तरी ती होतेच.

३. पायऱ्या दिसल्या

१९८८ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे प्रयोग झाले. एक गट नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठ आणि फिलिप्स प्रयोगशाळेचा, दुसरा इंग्लंडमधील केंब्रिजचा. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनचा एक अतिशय पातळ थर तयार करून, १ केल्विनहून कमी तापमानाला, त्या थरात एक अरुंद खिंड केली गेली. खिंडीची रुंदी बाहेरून विभव देऊन कमी-जास्त करता येत असे.

रुंदी हळूहळू वाढवत नेली तेव्हा वाहकता उतरणीसारखी न वाढता पायऱ्यापायऱ्यांनी वाढली : १ एकक, २ एकके, ३ एकके. कारण सरळ आहे. त्या थरात इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ४० नॅनोमीटर असते. तरंगाची अर्धी लांबी खिंडीत मावली की एक वाट खुली होते. आणखी अर्धी लांबी मावली की दुसरी. अर्धी वाट असत नाही. या प्रत्येक वाटेला ‘चॅनेल’ म्हणतात. आपण तिला मार्गिका म्हणू.

येथवरची गोष्ट सोपी आहे : १ एकक वाहकता म्हणजे १ खुली मार्गिका. पण ही गोष्ट नेहमीच इतकी सोपी राहत नाही, आणि आपल्या मूळ प्रश्नाला येथूनच आरंभ होतो.

समजा, एका अणूच्या जोडावर वाहकता मोजली आणि ती बरोबर १ एकक आली. तिचे तीन अर्थ संभवतात. एक मार्गिका पूर्ण खुली असेल. किंवा दोन मार्गिका अर्ध्याअर्ध्या खुल्या असतील. किंवा तीन मार्गिकांचे पारगमन ०.६, ०.३ आणि ०.१ असेल. तिन्हींची बेरीज १ च. मोजमाप तिघांनाही एकच आकडा देते. खरी परिस्थिती मात्र तीन ठिकाणी तीन वेगळ्या प्रकारची आहे. मग ती ओळखायची कशी?

४. दोन दरवाजांचे गणित

त्याआधी आणखी एक अडचण सोडवली पाहिजे. मार्गिका मोजायच्या म्हणजे नेमके काय मोजायचे? दरवाजाची उपमा येथे अपुरी पडते, कारण माणूस एका दरवाजातून शिरून त्याच वाटेने बाहेर पडतो. तरंग मात्र एका दरवाजातून शिरून दोन दरवाजांनी बाहेर पडू शकतो. हे गणित कागदावर करून पाहू. यासाठी दहावीपर्यंतचे गणित पुरेसे आहे.

डावीकडे दोन दरवाजे आहेत, उजवीकडेही दोन. पहिल्या दरवाजातून १ आयामाचा तरंग आत सोडला तर समोरच्या दरवाजातून ०.५ आणि शेजारच्या दरवाजातून ०.४ आयामाचा तरंग बाहेर येतो, असे समजा. दुसऱ्या दरवाजातून सोडला तरी तसेच : समोरून ०.५, शेजारून ०.४. पार जाण्याची शक्यता म्हणजे आयामाचा वर्ग. म्हणून पहिल्या दरवाजाचे पारगमन ०.२५ अधिक ०.१६, म्हणजे ०.४१. दुसऱ्याचेही ०.४१. एकूण ०.८२. यावरून कोणीही म्हणेल की येथे दोन मार्गिका असून दोन्ही अर्ध्याहून थोड्या कमी खुल्या आहेत.

आता तोच तरंग दोन्ही दरवाजांतून एकाच वेळी, समान वाटून आणि एकाच कलेत सोडू. म्हणजे एकाचा उंचवटा तेव्हाच दुसऱ्याचाही उंचवटा. एकूण शक्यता १ ठेवायची असेल तर प्रत्येक दरवाजातील आयाम ०.७०७ हवा. उजवीकडील प्रत्येक दरवाजात समोरून आलेला आणि शेजारून आलेला तरंग एकमेकांत मिळतात : ०.७०७ गुणिले (०.५ + ०.४) म्हणजे ०.६३६. त्याचा वर्ग ०.४०५. दोन दरवाजे मिळून पारगमन ०.८१.

आता दोन्ही दरवाजांतून विरुद्ध कलेत सोडू. एकाचा उंचवटा तेव्हा दुसऱ्याचा खोलगट. उजवीकडे तरंग एकमेकांना खोडतात : ०.७०७ गुणिले (०.५ – ०.४) म्हणजे ०.०७०७. त्याचा वर्ग ०.००५. दोन दरवाजे मिळून पारगमन केवळ ०.०१.

बेरीज पाहा : ०.८१ अधिक ०.०१ म्हणजे पुन्हा ०.८२. बेरीज बदलली नाही. घटक मात्र पार बदलले. दोन अर्धवट उघड्या वाटा दिसत होत्या तेथे वास्तविक एक वाट जवळजवळ खुली आणि दुसरी जवळजवळ बंद आहे.

‘समान कला’ आणि ‘विरुद्ध कला’ या दोन मांडण्यांनाच पारगमनाच्या आयगेन-अवस्था म्हणतात, आणि ०.८१ व ०.०१ ही त्यांची आयगेन-मूल्ये. ‘आयगेन’ हा जर्मन शब्द. त्याचा अर्थ ‘स्वतःचा’. या अवस्थेत शिरलेला तरंग उजवीकडे आपल्या एकाच ठरलेल्या जोडीदार अवस्थेत बाहेर पडतो. दुसऱ्या मार्गिकेत मिसळत नाही. त्या वस्तूच्या ‘स्वतःच्या’ वाटा याच. दरवाजे आपण आपल्या सोयीने मोजले होते.

कोणी म्हणेल, मांडणी बदलली की उत्तर बदलते. मग ही केवळ गणिताची हातचलाखी नव्हे काय? नव्हे, आणि त्याची साक्ष प्रयोग देतो. इलेक्ट्रॉन सुटे सुटे जातात म्हणून विद्युतधारेत बारीक खरखर असते; तिला शॉट नॉईज म्हणतात. वाल्टर शॉट्की यांनी १९१८ साली तिचे विवेचन केले. अरुंद वाटेत ही खरखर प्रत्येक मार्गिकेसाठी ‘पारगमन गुणिले (१ वजा पारगमन)’ या प्रमाणात असते. पूर्ण खुली वाट खरखरत नाही, पूर्ण बंद वाटही नाही. अर्धवट उघडी वाट सर्वांत जास्त खरखरते. आपल्या उदाहरणात दरवाजांचा हिशेब धरला तर ०.४१ गुणिले ०.५९, दोनदा, म्हणजे सुमारे ०.४८ येते. आयगेन-मूल्यांचा हिशेब धरला तर ०.८१ गुणिले ०.१९ अधिक ०.०१ गुणिले ०.९९, म्हणजे सुमारे ०.१६. दोन उत्तरांत तिपटीचा फरक आहे. मोजणारे यंत्र ०.१६ दाखवील. निसर्ग आपल्या दरवाजांचा हिशेब ठेवत नाही, आयगेन-मूल्यांचाच ठेवतो.

५. एका अणूची साक्ष

१९९० च्या दशकात हे प्रत्यक्ष एका अणूवर तपासता आले. लवचिक पट्टीवर धातूची अतिशय बारीक तार बसवतात, मधोमध ती आणखी अरुंद करतात आणि पट्टी हळूहळू वाकवत जातात. तार ताणली जाते, बारीक होते, आणि तुटण्याआधीच्या शेवटच्या क्षणी दोन टोकांना केवळ एक अणू जोडून ठेवतो.

अशा जोडांतील मार्गिका वेगळ्या करण्यासाठी फ्रान्समधील साक्ले येथील गटाने अतिवाहकतेचा उपयोग केला. ॲल्युमिनियम सुमारे १.२ केल्विनखाली अतिवाहक होते. त्या स्थितीत कमी विभवांतराला इलेक्ट्रॉन एकेकटे पार जाऊ शकत नाहीत. दोन, तीन, चार प्रभार एकत्र जातात. तीन प्रभारांचा एकत्र प्रवास पारगमनाच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असतो, चारांचा चौथ्या घातावर. म्हणून ०.९ ची एक मार्गिका आणि ०.३ च्या तीन मार्गिका यांची बेरीज एकच असली तरी विद्युतधारेचा आलेख अगदी निराळा होतो. आलेखाच्या आकारावरून मार्गिकांची संख्या आणि प्रत्येकीचे पारगमन काढता येते.

१९९८ साली एल्के शेअर आणि सहकाऱ्यांनी चार धातूंचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध केले. सोन्याच्या एका अणूच्या जोडात एक मार्गिका, ॲल्युमिनियम आणि शिसे यांत तीन, नायोबियममध्ये पाच. सोन्याच्या अणूचा बाहेरचा एकच ‘एस’ कक्षक या कामी येतो, म्हणून एक वाट. ॲल्युमिनियममध्ये ‘एस’बरोबर ‘पी’ कक्षक येतात, नायोबियममध्ये ‘डी’ कक्षक. ॲल्युमिनियमच्या एका अणूची वाहकता १ एककाच्या जवळपास येते, आणि केवळ तो आकडा पाहून एकच खुली वाट आहे असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तेथे तीन अर्धवट वाटा निघाल्या. बेरजेने जे झाकले होते ते घटकांनी उघड केले, आणि घटकांत त्या मूलद्रव्याची रासायनिक ओळख उमटलेली होती.

उलट उदाहरणही आहे. २००२ साली नेदरलँड्समधील लायडेन येथे प्लॅटिनमच्या दोन टोकांमध्ये हायड्रोजनचा एक रेणू बसवून मोजणी झाली. वाहकता १ एककाच्या जवळ आली, आणि तेथे मात्र ती खरोखरच एका, जवळजवळ पूर्ण खुल्या मार्गिकेची होती. आकडा तोच, अर्थ वेगळा.

६. संगणकात हे कसे घडते

आज संशोधक असा जोड आधी संगणकात उभा करतात. त्याचे तीन भाग करतात : डावे विद्युतअग्र, मधला भाग आणि उजवे विद्युतअग्र. मधल्या भागात अणू कोठे आहेत हे सांगितले की इलेक्ट्रॉनची मांडणी ‘डेन्सिटी फंक्शनल थिअरी’ने काढतात. होहेनबर्ग आणि कोन यांनी १९६४ साली, तर कोन आणि शाम यांनी १९६५ साली तिचा पाया घातला. व्हिएन्नाहून किशोरवयात निर्वासित होऊन इंग्लंडला आलेले वाल्टर कोन यांना याच कामासाठी १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

विद्युतअग्रे बाहेर अनंतापर्यंत पसरलेली असतात. अनंत वस्तू संगणकात मावत नाही. म्हणून त्यांचा मधल्या भागावर होणारा परिणाम तेवढा मोजून हिशेबात धरतात. यासाठी ‘ग्रीनचे फलन’ वापरतात. ‘येथे ढवळले तर तेथे काय उमटेल’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हे फलन. जॉर्ज ग्रीन हा इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा. बापाच्या पवनचक्कीत काम करणारा. लहानपणी जेमतेम वर्षभर शाळा पाहिलेला. ओहमच्या ग्रंथानंतर एकाच वर्षाने, १८२८ साली, वर्गणीदारांच्या आधारावर त्याने आपला निबंध छापला. विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर. त्याच्या मृत्यूनंतर विल्यम थॉमसन यांनी तो निबंध विद्वानांपुढे आणला. कुलूपवाल्याच्या मुलाचा नियम जेथे संपतो तेथे पवनचक्कीवाल्याच्या मुलाचे फलन उपयोगी पडते, ही इतिहासाची नोंद आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

ग्रीनचे फलन आणि दोन्ही विद्युतअग्रांशी असलेली जोडणी यांवरून एकूण पारगमन काढण्याचे सूत्र कॅरोली आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली दिले. त्याच सूत्रातील मॅट्रिक्सची आयगेन-मूल्ये काढली की मार्गिकांचे पारगमन मिळते, आणि तिच्यावरून प्रत्येक मार्गिकेचा तरंग मधल्या भागात कसा पसरला आहे याचे चित्र काढता येते. डेन्मार्कमधील मॅड्स ब्रँडबिगे आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून हे काम पुढे नेले. २००२ साली ‘ट्रान्ससिएस्टा’ ही प्रणाली आली, आणि २००७ साली पाउलसन व ब्रँडबिगे यांनी ग्रीनच्या फलनावरून ही चित्रे काढण्याची रीत मांडली.

७. चित्र वाचताना

अशा चित्रात अणूंच्या भोवती रंगीत फुगे दिसतात. ते वाचताना पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : ही रेणूची ऊर्जा-अवस्था नव्हे. सुट्या रेणूला ठरावीक ऊर्जेचे कक्षक असतात. विद्युतअग्रांना जोडल्यावर मात्र कोणत्याही एका ऊर्जेला पुष्कळ तरंग उपलब्ध होतात, आणि त्या सर्वांची ऊर्जा एकच असते. ऊर्जेवरून त्यांत निवड करता येत नाही. म्हणून ती पारगमनावरून केली जाते. आयगेन-मार्गिकेचे चित्र कधी रेणूच्या एखाद्या कक्षकासारखे दिसते, तेव्हा त्या कक्षकाचा वाटा मोठा आहे एवढेच म्हणावे.

दुसरी : चित्र एका ऊर्जेचे असते. ऊर्जा बदलली की मूल्येही बदलतात, चित्रही बदलते. कोणत्या ऊर्जेला काढले ते लिहिल्याशिवाय चित्राला अर्थ नाही. रुंद पृष्ठभागाचा जोड असेल तर आडव्या दिशेच्या कोणत्या तरंगसदिशाला काढले तेही लिहावे.

तिसरी : दिशा महत्त्वाची. डावीकडून आलेल्या तरंगाचे चित्र असेल तर डावीकडे आलेला आणि परतलेला असे दोन्ही तरंग दिसतात, उजवीकडे केवळ पार गेलेला. मूल्य ०.०१ असेल तर फुगे उजवीकडे पोहोचेपर्यंत विरून जातात. त्यामुळे डावीकडचा मोठा फुगा म्हणजे मोठी विद्युतधारा नव्हे.

चौथी : रंग कला दाखवतो, आणि कलेचा आरंभ कोठे धरावा हे आपल्या हाती असते. दोन शेजारच्या फुग्यांच्या रंगातील फरकाला अर्थ आहे. एकट्या रंगाला नाही. तसेच दोन मार्गिकांची मूल्ये अगदी समान असतील तर त्यांचे कोणतेही योग्य मिश्रण तितकेच खरे. दोन संगणकांनी दोन वेगळी चित्रे दिली म्हणून एक चूक ठरत नाही.

पाचवी : संगणक जे देतो ते आपण मांडलेल्या गृहीतकांचे फळ असते. डेन्सिटी फंक्शनल थिअरीच्या प्रचलित आवृत्त्या रेणूच्या ऊर्जापातळ्या नेमक्या जागी बसवण्यात कमी पडतात. त्यामुळे अनेक सेंद्रिय रेणूंची वाहकता प्रत्यक्षाहून कित्येक पटींनी जास्त येते. म्हणून चित्र सुंदर आले एवढ्यावर थांबू नये. मूल्यांची बेरीज एकूण पारगमनाइतकी भरते का, प्रत्येक मूल्य ० आणि १ यांच्या दरम्यान आहे का, आणि प्रयोगाची साक्ष काय आहे, हे तिन्ही तपासावे.

हे शिक्षण आज महागडे राहिलेले नाही, ही गोष्ट पालकांसाठी मुद्दाम सांगतो. ट्रान्ससिएस्टा ज्या ‘सिएस्टा’ प्रणालीचा भाग आहे ती मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते. पायथन भाषेतील ‘क्वांट’ ही प्रणालीही तशीच. लहान उदाहरणे साध्या लॅपटॉपवर चालतात. खडगपूरच्या आयआयटीत शिकून अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेलेले सुप्रियो दत्ता यांनी हा विषय आरंभापासून शिकवणारे ग्रंथ लिहिले आहेत, आणि त्यांची व्याख्याने इंटरनेटवर विनामूल्य आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला या विषयाच्या दारापर्यंत जायला आता कोणाची शिफारस लागत नाही. लागते ती बैठक, आणि इंग्रजी व गणित यांची भीती घालवण्याचा निश्चय. संगणक सुरू करण्यापूर्वी पुढील तीन प्रश्न पेन्सिलीने सोडवावेत, अशी आमची सूचना आहे.

स्वाध्याय

(१) दोन दरवाजांच्या उदाहरणात समोरचा आयाम ०.६ आणि शेजारचा ०.३ घ्या. दरवाजांप्रमाणे पारगमन किती? आयगेन-मूल्ये किती? खरखरीचे दोन्ही हिशेब करून तुलना करा.
(उत्तर : प्रत्येक दरवाजाला ०.४५, आयगेन-मूल्ये ०.८१ आणि ०.०९, बेरीज दोन्हीकडे ०.९०. खरखर दरवाजांप्रमाणे सुमारे ०.५०, आयगेन-मूल्यांप्रमाणे सुमारे ०.२४.)

(२) एका जोडाची वाहकता बरोबर १ एकक आहे आणि खरखर शून्य आहे. येथे किती मार्गिका खुल्या आहेत? ०.६, ०.३ आणि ०.१ अशा तीन मार्गिका असत्या तर खरखर किती आली असती?
(उत्तर : एक; ०.२४ + ०.२१ + ०.०९ = ०.५४.)

(३) समोरचा आयाम ०.५ आणि शेजारचा ० असेल तर दोन्ही आयगेन-मूल्ये किती येतील? अशा वेळी दोन विद्यार्थ्यांनी काढलेली मार्गिकांची चित्रे वेगळी आली, तर त्यांनी आपापसांत काय तपासावे?
(उत्तर : दोन्ही ०.२५. चित्रे ताडून उपयोग नाही. मूल्ये आणि त्यांची बेरीज ताडून पाहावी.)